नको म्हटलेली कुंडी

एप्रिलमधल्या एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्यापुढे एक कुंडी धरली आणि मी "नको" म्हटलं. घडलं ते एवढंच. कुंडी मुठीत मावेल एवढी, मातीची, कडेला क्षारांचे पांढरे डाग पडलेली. वर करड्या खडीचा थर आणि त्या खडीत पानांची चार-पाच चक्रं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, अंगावर कापसासारखी लव असलेली. एका चक्रातून लालसर धागा निघून कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होता आणि त्याच्या टोकाला आणखी एक इवलंसं चक्र होतं, अजून कशालाच न टेकलेलं. आल्पाइन म्हणजे उंच डोंगरांवरच्या झाडांचं प्रदर्शन संपत आलं होतं. विक्रीची टेबलं मिटली जात होती, मागे कोणीतरी कपबशा गोळा करत होतं. "घेऊन जा," ते म्हणाले, "पैसे नकोत." मी म्हटलं, "मी फ्लॅटमध्ये राहते, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याकडे मरेल ते." त्यांनी मान हलवली, अगदी सभ्यपणे, आणि कुंडी परत हिरव्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून दिली.

एडिनबरोच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांनी दुसऱ्यांदा विचारावं म्हणून मी थांबले होते.

आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. रत्नागिरीच्या घरी पाहुण्याच्या पानात मोदक पडायचा तो तिसऱ्या नकोनंतर, तोवर पाहुणा आडवा हात धरून बसलेला आणि आजी वाढणं घेऊन उभी. झाडांचंही तसंच. शेजारच्या काकू निघाल्या की आजी गडग्यापाशी जाऊन सोनटक्क्याचा कंद उकरायची. "अगो, जागा कुठाय माझ्या परसात?" काकू म्हणायच्या. "असू दे, न्हाणीच्या पाण्याकडे खोच." "नको गो, वहिनी." "धर." मग तो चिखलाने माखलेला कंद ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत जायचा आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीमागे पांढरी फुलं यायची. गावातला निम्मा सोनटक्का असा नको-नको म्हणत पसरलेला आहे. स्कॉटलंडमध्ये मला अठरा वर्षं झाली, इथला माणूस पहिल्याच नकोचा मान राखतो हे मला चांगलं ठाऊक आहे आणि एरवी त्याचं मला बरंही वाटतं. पण त्या दिवशी त्या मान हलवण्यात काहीतरी सवयीचं होतं. त्या दिवसात तो नकार त्यांनी बऱ्याच वेळा ऐकला असावा, असं मला उगाच वाटत राहिलं, आणि ते वाटणं आठवडाभर गेलं नाही.

त्या सभागृहात मी गेले ती पावसामुळे. मैत्रिणीकडे निघाले होते, ती घरी नव्हती, आणि रस्त्यात दाराबाहेर एक फळा दिसला: आल्पाइन वनस्पतींचं प्रदर्शन, चहा आणि घरचे केक. आत ओल्या कोटांचा आणि ओल्या मातीचा वास एकत्र झालेला. लांबलचक टेबलांवर काळं कापड आणि त्यावर कुंड्या, प्रत्येकीपुढे लॅटिन नावाचं कार्ड. सॅक्सिफ्रागाची एक उशी होती, हिरव्या दगडासारखी घट्ट, आणि तिच्यावर फुलं इतकी की पान दिसू नये. तळहाताएवढ्या कुंडीत डायोनिशियाचा पिवळा गोळा. फ्रिटिलारियाची जांभळट तपकिरी घंटा, खाली मान घातलेली, तिच्या आत काय आहे ते बघायला एक बाई गुडघे टेकून बसलेल्या. एकजण रंगाच्या बारीक ब्रशने खडीवर पडलेला परागाचा कण झाडत होते. इतक्या हळू आवाजात इतकी माणसं बोलताना मी फक्त देवळात ऐकली आहेत. आणि लॅटिन नावं! आजोबा विष्णुसहस्रनाम म्हणायचे तशी, न अडखळता, स्कॉटिश हेल काढून. शंभरेक माणसं असतील तिथे. काळ्या केसांची मी धरून पाच-सहा.

त्या आठवड्यात मी ही झाडं लावणाऱ्यांच्या संस्थांबद्दल बरंच वाचून काढलं. इंग्लंडमधली आल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ सालची, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब १९३३चा, अमेरिकेतली सोसायटी १९३४ची. पाच-सहा वर्षांत तीन देशांत तीन संस्था उभ्या राहिल्या आणि आज नव्वदी ओलांडून तिन्ही चालू आहेत. स्कॉटलंडच्या प्रदर्शनांत सर्वोत्तम रोपाला मिळतं ते पदक जॉर्ज फॉरेस्टच्या नावाचं, इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड फॅररच्या. दोघंही वनस्पती शोधत चीनच्या डोंगरांत हिंडलेले. फॅरर तर १९२० साली ब्रह्मदेशाच्या डोंगरांत, चाळिशीतच, वारला. त्याची एक गोष्ट इथे सगळे सांगतात: यॉर्कशरमधल्या आपल्या घराजवळच्या उभ्या कड्यावर हात पोचेना, तर त्याने बंदुकीत बिया भरून कड्यावर झाडल्या. मला ती गोष्ट आवडते आणि बोचतेही. ज्या काळात ही माणसं हिमालयातून आणि युन्नानमधून बिया आणत होती, त्या काळात ते डोंगर ज्यांचे होते त्यांना कोणी विचारत नव्हतं. बोजे वाहणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, बिया वेचणाऱ्या माणसांच्या नावाचं पदक मी अजून कुठे पाहिलेलं नाही. मला देऊ केलेलं रोपही हिमालयातलंच होतं, ॲन्ड्रोसेस सार्मेंटोसा. माझ्या देशातून आलेलं झाड परक्या देशात एक माणूस मला फुकट देत होता आणि मी ते परत केलं, हाही विचार मनात येऊन गेला, पण तो फार टिकला नाही. मी कोकणातली. हिमालय मी बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, तोही बसच्या खिडकीतून.

मला जे आठवत होतं ते हिमालयातलं नव्हतं, सड्यावरचं होतं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे. ज्यांनी तो मे महिन्यात पाहिला असेल त्यांना तिथे काही जगतं हे खरं वाटणार नाही. काळा पडलेला जांभा, चटके बसणारा, मैलभर सपाट. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. बाबा म्हणायचे, "कातळ आहे, काय असतं तिथं?" पण मृगाचे दोन-चार पाऊस झाले की आम्ही पोरं शेरडांच्या मागे वर जायचो आणि तिथे दीपकाडी उभी असायची. बोटभर मातीतून वर आलेली, पांढरी. तिचा कांदा आठ महिने त्या तापलेल्या कातळाच्या फटीत गप्प पडून असतो हे तेव्हा माहीत नव्हतं, आणि कोकणच्या सड्यांबाहेर ती जगात फारशी कुठे मिळत नाही हे तर खूप नंतर कळलं. मग श्रावण-भाद्रपदात पाणी साचलेल्या खळग्यांत सीतेची आसवं, निळीजांभळी, आणि गेंदाची पांढरी बटणं, आणि दवबिंदूचं ते लाल चिकट पान, ज्यावर माशी बसली की आम्ही श्वास रोखून बघायचो. पायाखाली फुलं येऊ नयेत म्हणून आम्ही पाण्यातून चालायचो. तिथे आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. माहितीफलक नव्हता, कुणी कसली नावंही सांगितली नव्हती. शेरडं वर जायची आणि आम्ही त्यांच्या मागे.

आता त्याच सड्यावर चिरेखाणी आहेत, कातळ फोडून मातीचे खड्डे भरून लावलेली हापूसची कलमं आहेत. मी कुणाला नावं ठेवत नाही, बाबांनीही साठ कलमं लावली आणि त्या पैशांवर मी शिकले. मधल्या काळात वेगळंच काहीतरी घडलं. सड्यांवरच्या कातळशिल्पांचं नाव झालं, २०२२ साली ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि माणसं हत्ती नि मासे कोरलेले बघायला सड्यावर यायला लागली. त्यातली काही पावसाळ्यात आली. बघायला आली चित्रं आणि खाली वाकून बसली फुलांपाशी. माझा मामेभाऊ सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन जातो, तो सांगतो, "ताई, चित्राचे दोन फोटो काढतात आणि फुलांचे वीस." उलट कासचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटासोबत तेही जागतिक वारशात गेलं आणि मग रांगा, तिकीट, नोंदणी, गाड्यांची धूळ. माणसं यावीत असंही वाटतं आणि इतकी येऊ नयेत असंही वाटतं. या दोन्ही वाटण्यांचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मी त्या गृहस्थांना शोधत स्कॉटिश क्लबच्या आमच्या भागातल्या गटाच्या बैठकीला गेले. चर्चचं सभागृह, घडीच्या खुर्च्या, स्टीलच्या किटलीतला चहा, आणि पडद्यावर तुर्कस्तानातल्या एका घाटातले क्रोकस. ते होते. मी म्हटलं, "ती कुंडी." ते जरा आठवत राहिले. मग म्हणाले, कुंडी दुसऱ्या कोणीतरी नेली. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी चहा घेतला आणि मागच्या रांगेत बसले. त्याच्या पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात दह्याचा रिकामा डबा होता, बुडाला भोकं पाडलेला, आत खडी आणि दोन चक्रं. "धाग्यांना फुटलेली आहेत," ते म्हणाले. "आईला काही कमी पडत नाही." या वेळी मी दोन्ही हात पुढे केले.

माझ्याकडे मरेल, हे मी इतक्या खात्रीने का म्हटलं होतं? कारण मी ते रोप प्रदर्शनातल्या रोपांच्या शेजारी पाहिलं होतं. पंधरा-वीस वर्षं जोपासलेली उशी, एकही पिवळं पान नाही, चिमट्याने साफ केलेली, शेजारी निकालाचं कार्ड. ते बघून कौतुक वाटतं आणि हात मागे जातात. आणि दुसरं म्हणजे थंडी. डोंगरावरचं झाड म्हणजे त्याला काहीतरी अवघड लागत असणार, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. प्रत्यक्षात या झाडांना थंडी मारत नाही, मारते ती ओल. डोंगरावर हिवाळाभर बर्फाची दुलई असते, तिच्याखाली कोरडं असतं, वारा लागत नाही आणि पारा शून्याच्या आसपास टिकून असतो. खाली आमच्याकडे सहा महिने भिजट धुकं. म्हणून मातीत निम्म्याहून जास्त खडी आणि वाळू, देठाशी पाणी राहू नये म्हणून वरून पुन्हा खडी, आणि ज्यांच्याकडे जमेल त्यांच्याकडे काचेचं छप्पर, पण खिडक्या सताड उघड्या. उब नको, फक्त पाऊस नको. अशा काचघरांत कुंड्या वाळूत बुडवून ठेवतात आणि पाणी वाळूला देतात. कुंडी मातीची असते, हवा तेवढा ओलावा तिच्या अंगातून आत झिरपतो. हे मला एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्याने वाळूत बोट खुपसून दाखवलं. मग माझंही बोट धरून खुपसवलं. त्या गार वाळूत बोट असताना मला सडा आठवला. तिथेही सगळा खेळ निचऱ्याचा. तिथे चार महिने पाऊस आणि आठ महिने थांबणं. इथे दोन-तीन महिने उन्हाळा आणि बाकी थांबणं. तेवढ्या वेळात पान, फूल, बी सगळं उरकायचं. म्हणून दोन्हीकडची झाडं बुटकी, जमिनीला धरून, आणि फुलं मात्र अंगापेक्षा मोठी.

बैठकीत चहानंतर जो विषय निघतो तो ठरलेला असतो: नवी माणसं कशी आणायची? माझ्यासमोर तो इतक्या वेळा निघाला आहे की कोण काय म्हणणार हे मला कळतं. कोणी म्हणतं पत्रकं छापू, कोणी म्हणतं शाळांत जाऊ, कोणी वर्गणी कमी करा म्हणतं, कोणी नुसतंच खिडकीबाहेर बघत बसतं. यातलं वाईट काहीच नाही. महामारीत प्रदर्शनं बंद पडली तेव्हा हीच सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं संगणकावर व्याख्यानं ऐकायला शिकली, आल्पाइन गार्डन सोसायटीने तर प्रदर्शनंच ऑनलाइन भरवली. स्कॉटिश क्लबने त्याच्या खूप आधीपासून एक मासिक इंटरनेटवर जगभर फुकट वाटायला ठेवलेलं आहे. कंजूष माणसं नव्हेत ही. जे आहे ते वाटायला बसलेली आहेत. पण त्या चर्चेत एक शब्द येतो, प्रेक्षक, आणि तो आला की मला अस्वस्थ होतं. कारण त्यांना प्रेक्षक नको आहेत. त्या गृहस्थांच्या घरामागे साडेतीनशे कुंड्या आहेत, मी त्या पाहून आले. मुलगा ऑस्ट्रेलियात. गुडघे गेलेत. "यांच्यातल्या काहींचं मूळ बी मी १९७८ साली पेरलंय," असं ते मला सांगत होते आणि बोटाने एका कुंडीतलं शेवाळ खरवडत होते. त्यांना कोणीतरी बघायला येऊन काय उपयोग? कोणीतरी उचलून न्यायला हवं.

आणि उचलून नेणं सोपं आहे, हेच कोणी मोठ्याने सांगत नाही याचं मला दुःख होतं. आज शहरातल्या तरुण माणसाकडे काय असतं? भाड्याची खोली, खिडकीची पट्टी, नशीब असेल तर बाल्कनी. त्यावर गुलाबाची बाग होत नाही, भाज्याही धड होत नाहीत. पण दीड फुटाच्या पेटीत एक अख्खा डोंगर होतो: कडा, घळ, सावलीची बाजू, उन्हाची बाजू, आणि पंधरा जातींची झाडं. जगातल्या सगळ्या बागकामात भाड्याच्या घराला चालेल असं हे एक. पूर्वी त्यासाठी शेतावरच्या जुन्या दगडी डोणी वापरत, गुरांना पाणी पाजायच्या. आता त्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. मग ऍबर्डीनकडच्या क्लबच्या मंडळींनी मासळीच्या पेट्या घेतल्या. थर्मोकोलच्या, पांढऱ्या, बंदरावर बर्फ घालून मासे भरतात त्या. कडा खरवडायच्या, पृष्ठभाग गरम हवेने खडबडीत करायचा, बुडाला भोकं पाडायची, दगडी रंग फासायचा. लांबून बघाल तर ग्रॅनाइट. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मिरकरवाड्याच्या बंदराचा वास आला, खरंच आला. आमच्या इमारतीजवळच्या मासेवाल्याकडे गेले, त्याने पेटी धुऊन दिली, वर विचारलं कशाला. मी सांगितलं. तो म्हणाला, "डोंगर? यात?" आणि त्याने आणखी दोन पेट्या बाजूला काढून ठेवल्या. तीन वर्षं झाली, इमारतीमागच्या सामाईक हिरवळीवर त्या तीन पेट्या आहेत आणि खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी रोज सकाळी कुठली कळी उघडली ते बघून जाते. मासेवालाही एकदा येऊन गेला.

गेल्या वर्षी मे महिन्यात प्रागला गेले होते, कामासाठी. चेक लोकांचं या बाबतीत वेडच आहे. पातळ दगड उभे, एकमेकांना चिकटून रोवायचे आणि फटींत रोपं लावायची ही तऱ्हा त्यांनी अशी मुरवली की आता इंग्लंड-अमेरिकेतल्या बागा तिची नक्कल करतात. तिथल्या क्लबचं वसंतातलं प्रदर्शन शहराच्या मधोमध असतं, कार्लोवो नामेस्ती म्हणजे चार्ल्स चौकाजवळ, एका चर्चच्या कुशीतल्या उतारावर. चर्चचं नावच 'खडकावरचा संत यान नेपोमुक'. सभागृह नाही, काळं कापड नाही. उघड्यावर दगड, दगडांत फुलं, मधून वाट, बाजूला विक्री. आणि कुंपणापलीकडे ट्रामचा रस्ता. मी तिथे अर्धा दिवस काढला, माणसं बघत. बाजाराची पिशवी घेतलेल्या बायका, बाबागाडी ढकलणारी आई, ऑफिसातून जेवायला बाहेर पडलेला, टाय घातलेला एक मुलगा. तो नुसता बघायला आत आला असणार. बाहेर पडताना त्याच्या एका हातात सँडविच होतं आणि दुसऱ्या हातात कुंडी. विकणारे आजोबा त्याच्यामागे फाटकापर्यंत आले होते, बोटाने हवेत आकडे काढत काहीतरी बजावत होते. मला चेक येत नाही. पण ते काय बजावत असतील हे मला कळत होतं: पाणी कमी, ऊन जास्त, आणि खडी, खडी विसरू नकोस.

सोसायट्यांकडे सर्वात मोठं धन आहे ते बियांचं, आणि ते लिफाफ्यात मावतं. शरद ऋतूत जगभरचे सभासद आपापल्या झाडांच्या बिया पाठवतात. स्वयंसेवक महिनोन्महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या चिमूट-चिमूट पुड्यांत भरतात. मग हजारो नावांची यादी येते, आपण खुणा करायच्या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत दारात पाकीट पडतं. माझ्या पहिल्या पाकिटातल्या पुड्यांवर फक्त आकडे होते. एकीत तर धुळीसारखं काहीतरी, श्वासाने उडेल असं. मला पेरायला शिकवलं त्या गृहस्थांनी: बियांवर खडी, कुंडी बाहेर, बर्फ पडू दे. थंडी खाल्ल्याशिवाय यातल्या कितीतरी बिया जाग्याच होत नाहीत. पहिल्या वर्षी माझ्या बारा कुंड्यांपैकी चारांत काही आलं. बाकीच्या मी टाकायला निघाले तर ते म्हणाले, "दोन वर्षं थांबा." दुसऱ्या मार्चमध्ये त्यातल्या तीन कुंड्यांत खडीच्या मधून हिरवे ठिपके आले. मी खिडकीत उभी राहून रत्नागिरीला फोन लावला आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "दोन वर्षं? एवढं कसलं गो बी ते?" तिला दीपकाडी आठवत होती, पण तिचं नाव दीपकाडी हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती तिला 'सड्यावरचं पांढरं' म्हणायची.

हल्ली डोंगरातून सरळ बी आणणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आपला जैवविविधता कायदा २००२चा आहे, वनस्पतींचा लाभ मूळ देशालाही मिळावा म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१४ पासून लागू आहे, आणि परदेशी माणसाने हिमालयात जाऊन खिशात बी घालून आणायचे दिवस संपले. काही जुने सभासद त्यावर हळहळतात. मी हळहळत नाही. शंभर वर्षांत जे इथे आलं ते सांभाळून हातोहात पुढे देणं एवढंच केलं तरी पुष्कळ आहे. पण ते पुढे द्यायला हात हवेत. एखादी जात चार माणसांच्या काचघरांत उरलेली असते आणि त्यातले दोन ऐंशीच्या पुढचे असतात. रात्री झोप लागत नसली की मी हेच मोजत बसते.

या एप्रिलमध्ये विक्रीच्या टेबलामागे मी होते. ते गृहस्थ चहाच्या टेबलापाशी खुर्चीत बसले होते, काठी मांडीवर आडवी. साडेतीनला एक मुलगी आली, विशी-बाविशीची, भिजलेली, हातात कागदी कपात कॉफी. पाऊस थांबेपर्यंत आत आले, असं म्हणाली. माझ्यापुढे ॲन्ड्रोसेस होतं, त्यांच्या त्या दह्याच्या डब्यातल्या दोन चक्रांची नातवंडं, कुंडीभर पसरलेली, दोन लाल धागे काठावरून खाली आलेले. ती वाकली आणि बोटाने लव चाचपली. मी म्हटलं, "घेऊन जा." ती लगेच सरळ झाली. "नको, नको. मी विद्यार्थिनी आहे, मला नुसती खिडकी आहे. माझ्याकडे कॅक्टससुद्धा मेला."

मी म्हटलं, "खिडकीबाहेर ठेव. आत नको."

"खरंच नको. तुम्ही इतकं जपलंय."

"कॉफी संपव," मी म्हटलं.

तिने घोटभर उरलेली कॉफी संपवली. मी कप घेतला, माझ्या पेनाने बुडाला पाच-सहा भोकं पाडली, पिशवीतली खडी आणि माती घातली. एका धाग्याच्या टोकाचं चक्र कात्रीने सोडवलं, त्याला खाली दोन पांढरी मुळं फुटलेली होती. ती ती मुळं बघत राहिली. "हे हिमालयातलं आहे," मी सांगितलं, "आणि हे त्यांच्याकडचं," आणि चहाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. चक्र खडीत टेकवून मी कप तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. मीही मागे घेतला नाही.

"मेलं तर?" तिने विचारलं.

"पुढच्या महिन्यात पहिल्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये ये, दुसरं देईन. धर."

तिने धरलं. दाराशी जाताना तिने कपावर दुसरा हात आडवा धरला होता, पाऊस पडू नये म्हणून. ते गृहस्थ खुर्चीतून मान वळवून तिच्याकडे बघत होते आणि ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ तिकडेच बघत राहिले. मग त्यांनी मला खुणेने विचारलं, खडी घातलीस ना?